उंच ग्लासात ताक जास्त दिसतं म्हणून पोरगं ढ ठरत नाही

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. त्याच्यासमोरच एका ग्लासातलं ताक उंच ग्लासात ओतलं तरी म्हणतो "यामा जास्त शे" (यात जास्त आहे). सारखंच आहे म्हणून दोन-तीनदा विचारलं तरी तेच. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी बरोबर सांगते. सासूबाई म्हणतात याचं डोकंच चालत नाही. डॉक्टरला दाखवू का?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर: ताई, आधी ते "डोकं चालत नाही" बंद करा, निदान त्याच्यासमोर तरी. या वयाची बहुतेक पोरं हेच उत्तर देतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना असेच प्रश्न विचारून दाखवलं की साधारण सात वर्षांपर्यंत मूल एकाच गोष्टीकडे बघतं, पातळी वर गेली ना मग जास्त, ग्लास अरुंद आहे हे त्याच्या हिशेबातच येत नाही. आणि डोळे तर आपल्यालाही फसवतात, सारख्याच लांबीची उभी आणि आडवी रेघ काढून बघा, उभी लांब वाटते, फक्त आपण मोजून खात्री करतो.

पण मला खरी गडबड तुमच्या विचारण्यात दिसते. मोठं माणूस तोच प्रश्न परत विचारतं तेव्हा पोराला वाटतं पहिलं उत्तर चुकलं वाटतं, किंवा आईने मुद्दाम ओतलं म्हणजे काहीतरी बदललंच असणार. 1974 मध्ये रोझ आणि ब्लँक या दोघी संशोधिकांनी सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी घेऊन, आधी न विचारता, एका ओळीची मांडणी बदलल्यावर एकदाच प्रश्न विचारला, तर मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच सुमारास मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलं "सारख्याच" म्हणाली. या टेडीवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या, पण कसं विचारता त्यावर उत्तर हलतं एवढं नक्की.

शेजारच्या पोरीशी तुलना नको हो, एकाच वयात एखादं वर्ष पुढे-मागे चालतंच, एका पोरीवरून काही ठरत नाही. डॉक्टरकडे नुसत्या ताकासाठी नको. हाक मारल्यावर बघत नसेल, साधी सूचना समजत नसेल, आधी येणारं बोलणं बंद झालं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

घरी भुईमुगाच्या शेंगांनी करून बघा. सहा-सहा शेंगांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, त्याला काही न विचारता एक ओळ पसरवा आणि एकदाच विचारा, कोणत्या ओळीत जास्त का दोघींत सारख्या? उत्तर काही आलं तरी चूक-बरोबर म्हणू नका, फक्त "कसं काय रे?" विचारा. "ही लांब शे" म्हणाला तर अजून लांबीवरच बघतोय, "तू काढल्या कुठे" म्हणाला तर समजा कळायला लागलंय.