एआय वापर, पण वहीशी ताडून

संस्थेत एआय वापरायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. देणगीदारांच्या आभारपत्रांपासून कर. सभेचं इतिवृत्त, इंग्रजी प्रस्तावाचा कच्चा मसुदा, हेही चालेल.

लाभार्थ्यांची माहिती मात्र चॅटजीपीटीत टाकायची नाही. जनता वसाहतीतली बाई घरातल्या मारहाणीबद्दल बोलते ती आपल्या कार्यकर्तीवर विश्वास टाकून. नुसतं नाव काढून भागत नाही. गल्ली, मुलांची वयं, ती धुणीभांडी करते ती सोसायटी, एवढ्यावरून ती सहज ओळखू येते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगतो. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

एकदा मी स्वतःच ही चूक केली, नावं-पत्ते काढून गृहभेटींच्या वहीतल्या नोंदींचा सारांश एआयकडून करून घेतला. वहीत होतं, 'पोरगी शाळेत जायची, आता नाही.' सारांशात ती 'नियमित शाळेत जाते' झाली! वाक्य इतकं सफाईदार की मी सही करणारच होते. सहज वही उघडली म्हणून कळलं, नाहीतर त्या पोरीकडे पुन्हा कुणी गेलंच नसतं. तेव्हापासून एआयने लिहिलेली ओळ न् ओळ वहीशी ताडून बघते, कितीही वेळ लागो.

शिष्यवृत्ती कुणाला द्यायची, हे एआयला विचारूच नकोस. शिष्यवृत्ती मिळणार नाही, हे सांगायला त्या घरी आपल्यालाच जावं लागतं.

आणि हो, सुरुवात करण्याआधी विश्वस्तांच्या कानावर घाल. खातं संस्थेच्या ईमेलवर काढ, स्वतःच्या नको.