अष्टपैलू हवेत की अस्सल फलंदाज?

प्रश्न : भारतीय संघ निवडताना अष्टपैलूंची इतकी भरती कशासाठी? त्यांच्या जागी एक अस्सल फलंदाज का घेत नाहीत?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अहो, तुम्ही नागपूरकर, मग फेब्रुवारी 2023 ची जामठा मैदानावरची कसोटी आठवाच. मी स्टँडमध्ये होतो. ऑस्ट्रेलिया 177, त्यात जडेजाचे पाच बळी. मग आपले 7 बाद 240 झाले आणि रोहितही परतलेला. तिथून जडेजा आणि नवव्या क्रमांकावर आलेला अक्षर यांनी 88 धावा जोडल्या. जडेजाच्या 70, अक्षरच्या 84. चेंडू वळत होता, पण दोघे पाय पुढे टाकून शांतपणे खेळत होते. अश्विन धरून तीन फिरकीपटू, तिघेही बॅट धरणारे, म्हणून पाच गोलंदाज खेळवूनही तळाच्या कच्च्या फलंदाजांचं शेपूट लांबलं नाही. डावाने जिंकलो.

तुमचा राग मला कळतो. धड ना हे, धड ना ते, अशा खेळाडूला माझाही विरोध आहे. निदान एका कलेच्या जोरावर तो संघात बसलाच पाहिजे. वेगवान गोलंदाजी करणारे अष्टपैलू मात्र आपल्याकडे फार थोडे. मेलबर्नला शतक ठोकणाऱ्या नितीशकुमार रेड्डीला निवड समितीने भरपूर वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं.