माथेरानला दोन घोडे घेऊन धंदा केला तर महिन्याला किती सुटतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘घोडा काय, गवतच तर खातो, खर्च तो किती असणार?’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे वडिलांपासून घोडे आहेत. दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे माथेरानच्या वेशीच्या, पुढे पेट्रोल-डिझेलची गाडी येत नाही, याचं पर्यटकांना कौतुक. पण गवताची गाडीही तिथेच थांबते. पुढे एकेक भारा डोक्यावर नाहीतर घोड्याच्या पाठीवर, म्हणजे गवताच्या भावावर हमाली वेगळी. या हमालीवरूनच माझं आणि दादाचं वाजलं.

एका मे महिन्यात, ऐन सीझनला, दादाने हिशेब काढला. गवत अर्धं करायचं, चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, वाढवायची. हरभऱ्याचं पोतं एकदा आणलं की झालं, भारे कोण वाहत बसणार! मी म्हटलं, घोड्याच्या पोटात सारखं काहीतरी चाललेलं लागतं. तर म्हणे, तू कधीपासून डॉक्टर झालास?

चौथ्या रात्री घोडी चंदीला तोंड लावेना. पुढच्या पायाने जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडे बघायची. मग बसली आणि लोळायला लागली. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलं की अडकलं. डॉक्टर खालून येणार, तेही दस्तुरीपासून चालत. तोवर तिला लोळू द्यायचं नाही, म्हणून लगाम धरून फिरवत राहिलो. बाजार ते पिसरनाथाचं देऊळ, परत बाजार. मध्येच थांबून कुशीला कान लावायचो. एरवी तिथे सतत गुरगुरतं, त्या रात्री काही नाही. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं. उजाडताना तिने लीद टाकली, चार-पाच कडक गोळे, वरून बुळबुळीत. मी तिथेच रस्त्यात बसकण मारली. सकाळी फिरायला निघालेलं एक कुटुंब नाक धरून बाजूने गेलं.

दादा आजही म्हणतो, पाणी बाधलं. चंदीचं असतं तर बाकीच्या दोघांनाही झालं असतं. अहो, ते दोघे दावं सोडवून शेजारच्याची गवताची गंजी खाऊन यायचे!

आता तुमचं. 300 किलोच्या घोड्याला रोज निदान 5-6 किलो सुकं गवत धरा. गवत आधी, चंदी नंतर, आणि अंगाचा घाम वाळल्याशिवाय चंदी नाहीच. नाल 4 ते 6 आठवड्यांनी. पावसाळ्यात गिऱ्हाईक जवळजवळ नसतं, खाणं मात्र चालूच. त्यात 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षाही आल्या. महिन्याला किती ते सांगता येत नाही. मे महिन्यात बरे सुटतात, जुलैत घरातून घालावे लागतात. नोकरी असेल तर सोडू नका. परवान्याचंही नगरपरिषदेत आधी विचारा, घोडा विकत घेऊन मग नको.

हे सगळं आमच्या तीन घोड्यांवरून. आणि नुसत्या गवतावर मे महिन्याचं काम निघत नाही, तेवढं दादाचं बरोबर आहे. तरीही घोडे घ्यायचेच असतील तर आधी गंजी रचायला कोरडी जागा बघा, पागेचं नंतर.

दादाने त्याच्या वाटणीचे घोडे विकले. घोडी माझ्याकडे आहे, अठरा वर्षांची. चंदीचा हिशेब हवा असेल तर दादाला विचारा, सविस्तर सांगेल.