गुडघा बदलल्यावर पुन्हा स्कीइंग करता येतं का?

बाबांचा गुडघा मार्चमध्ये बदलला, जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग चालेल का, असं तुम्ही विचारलंय. त्यांना आधीपासून चांगलं येत असेल आणि सर्जनने एक्स-रे पाहून होकार दिला असेल, तर बहुधा चालेल. नव्याने शिकणार असतील तर कृपया नको. शिकणारा सारखा पडतो, आणि इम्प्लांटलगतचं, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याजवळचं, हाड मोडलं तर ती दुरुस्ती पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असते.

तयारी मुंबईतच, बिल्डिंगच्या जिन्यावर होते. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. बर्फाच्या उतारावरही त्याला हेच करावं लागतं. कठड्याला हात न लावता, दर पायरीवर एकच पाऊल टाकत त्यांना तीन मजले उतरू द्या, तुम्ही सोबत राहा. बदललेल्या गुडघ्यावर भार असताना दुसरं पाऊल खाली धपकन पडत असेल, तर ताकद अजून आलेली नाही. नुसत्या आवाजावरूनही कळतं. मग फिजिओकडून व्यायाम वाढवून घ्या.

गुलमर्गला खालचे सोपे, दाबून सारखे केलेले उतारच निवडा. उंचवटे, उड्या, खोल ताजा बर्फ टाळा. स्की भाड्याने घेताना वजन, उंची, वय सांगून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमच्यासमोर लावून घ्या. बाइंडिंग फार घट्ट असलं तर पडताना स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मांड्या थरथरायला लागल्या की त्या दिवसापुरतं थांबायचं. गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टर.