विकसनशील देशाने स्वतःची लष्करी हेलिकॉप्टरं बनवावीत का?

बनवावीत, पण पहिल्या दिवसापासून सगळंच घरचं हवं हा हट्ट नको.

पोखरणनंतर १९९८ साली अमेरिकेने निर्बंध लादले आणि आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांअभावी अडकली. ती घेतली होती ब्रिटनकडून, पण त्यातले काही भाग अमेरिकन होते! पुढच्याच वर्षी कारगिलला कळलं की विरळ हवेत शस्त्रं घेऊन लढेल असं हेलिकॉप्टर आपल्याकडे नाही. त्या गरजेतून 'प्रचंड' हे देशी लढाऊ हेलिकॉप्टर घडलं, हवाई दलात आलं २०२२ मध्ये. एवढा वेळ लागतोच. आपलं आधीचं देशी हेलिकॉप्टर 'ध्रुव'सुद्धा १९९२ ला पहिल्यांदा उडालं आणि २००२ च्या सुमारास सेवेत आलं; त्याचं शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीसोबत विकसित झालंय, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खरी कसोटी धातूची आणि तपासणीची. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. तपासात स्वॉशप्लेट (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा भाग) तुटल्याचं आढळलं, ताफा कित्येक महिने जमिनीवर राहिला. मी रबाळे एमआयडीसीत गिअर कापण्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्याकडे हात कुशल आहेत, मशीनही आहेत. पण एकेका भागाची थकवा-चाचणी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन तो कधी तुटतो ते बघणं, करायची सोय आणि तिचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही. सरकारने पैसा आधी तिथे घालावा.

ज्या देशाला जेमतेम चाळीस-पन्नास हेलिकॉप्टरं लागतात त्याने मात्र नवं डिझाइन काढू नये. दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि परवान्यावर जोडणी इथून सुरुवात करावी. आपणही १९६० च्या दशकात फ्रेंच परवान्यावरच चेतक बनवायला घेतलं होतं.