पन्नाशी उलटल्यावर टँडम पॅराग्लायडिंग करावं का, की गडकिल्ले चढूनच बघावेत?

तुम्ही लिहिलंय की वय ५३, एक गुडघा कुरकुरतो, पुण्याकडं जाणं होणार आहे, तर कामशेतला टँडम उड्डाण, म्हणजे पायलटसोबत एकाच छत्रीखाली जोडीनं उडणं, करावं का. आणि घरचे म्हणतायत, किल्ले बघायचे तर पायानं चढून बघावेत, हवेतून बघणं ही सगळी थेरं. पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: करा. दुसऱ्या भागावर मात्र मला बोलायचंय, कारण "पायानं चढून" हे शब्द मी गेली सहा वर्षं आमच्या घरात ऐकतोय.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथचं काम. थोरला भाऊ पक्का गडवाला. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम त्यानं अकरा वेळा केलीय आणि ती अकरा संख्या तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. मीही चार वेळा त्याच्यासोबत गेलोय. जुलैतला पाऊस, मसाई पठारावर समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं, बुटात पाणी. मजा यायची, खोटं कशाला बोलू. चौथ्या वेळी त्याच पठारावरून उतरताना पाय सरकला आणि उजव्या गुडघ्यातनं कटकन आवाज आला. पुढं ऑपरेशन, सहा महिने काठी. आणि बरा झाल्यावर पहिल्यांदा जेवायला एकत्र बसलो तेव्हा दादा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आता तू आपला गाडीतनं किल्ले बघ." सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं.

तर गेल्या फेब्रुवारीत तळेगावला मेहुण्याकडं साखरपुड्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला, चला दाजी, कामशेत इथनं जवळच आहे, उडून येऊ. त्यानं फोन लावला तर पलीकडनं पहिला प्रश्न, वजन किती? मी बोटांनी खुणावलं, अठ्ठ्याऐंशी सांग. तिथं गेल्यावर काट्यावर उभं केलं. साडेत्र्याण्णव. मुलगा काही बोलला नाही, वहीत आकडा खोडून नवा लिहिला आणि म्हणाला, "काका, मग जरा थांबावं लागेल, तुमच्या वजनाला अजून थोडा वारा पाहिजे." वजनाच्या बाबतीत लाजू नका. पायलट आणि प्रवासी यांचं मिळून वजन बघून छत्री ठरते. खोटं बोललात तर चुकीच्या छत्रीखाली तुम्हीच लटकणार आहात.

दुसरी फजिती पायातली. मी कापशी चप्पल घालून गेलो होतो. साखरपुड्याला तीच नेली होती. पायलटनं एकदा चपलेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. शेवटी मेहुण्याचे बूट, एक नंबर लहान, अंगठे दुमडून घातले. मेहुणा माझी चप्पल घालून खाली थांबला, आणि त्याला ती इतकी आवडली की परत मागून घ्यावी लागली.

टेकडीवर तीन तास बसलो. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. उड्डाण दहा-पंधरा मिनिटांचं, बसणं तीन तासांचं. वाऱ्याची पिशवी कधी मेल्यासारखी लोंबते, कधी आडवी होऊन फडफडते, दोन्ही वेळा उडता येत नाही. वारा समोरनं, बेताचा आणि सारखा लागतो. घाई करणारा पायलट दिसला तर सरळ परत फिरा. आमचा पायलट पोरगा गवतात बसून निवांत शेंगा खात होता, तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

त्या तीन तासांत मी सगळं सामान तपासलं. सवयच आहे. तुमचा जीव टांगलेला असतो तो दोन कड्यांवर, एक डाव्या खांद्याशी, एक उजव्या. कडी हातात घेऊन बघितली. बिजागरीत किंचितही खेळ नाही, कुलुपाचा आटा शेवटपर्यंत बसतो, आणि अंगावर कोरलंय २४ केएन. म्हणजे जवळजवळ चोवीसशे किलोची ओढ. आमच्या साडेत्र्याण्णवला तिनं विचारातही घेऊ नये. छत्रीच्या दोऱ्या मात्र बघून पोटात गोळा आला. शिवणयंत्राच्या वादीपेक्षाही बारीक. पोरगा म्हणाला एकेक दोरी शंभर किलोच्या वर ओढ सोसते, आणि अशा कितीतरी. मी मोजायला लागलो तेवढ्यात वारा आला.

मांडीचे पट्टे सगळ्यात आधी लावले, मग छातीचा. सोडतानाही उलट्या क्रमानं. हे लक्षात ठेवा आणि स्वतः हात लावून बघा. छातीचा पट्टा लागलाय आणि मांडीचे राहिलेत, या चुकीला माफी नाही. मग तो म्हणाला, "काका, मी पळा म्हणलं की पळायचं. पाय हवेत गेले तरी पळत राहायचं. मधेच बसायचं नाही." गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाला, दहा पावलं पळता येईल ना? म्हणलं, दहा येतील, अकरावं नाही.

सातच पावलं लागली. मागं छत्रीत वारा भरल्याचा आवाज येतो, ओलं धोतर झटकल्यासारखा, मग कुणीतरी मागनं कॉलर धरून थोपवल्यासारखं होतं, आणि मग टेकडीच खाली जाते. मी हवेत पाय मारतच होतो. खाली मेहुणा पोट धरून हसत होता म्हणे.

वर आवाज नसतो. इंजिन नाही, काही नाही, फक्त दोऱ्यांतनं जाणारा वारा आणि पायलटच्या खांद्यावरचं एक छोटं यंत्र. वर चढत असलो की ते टीटीट करतं, खाली जायला लागलो की रडका सूर काढतं. चढतो कसा, तर वारा डोंगराला धडकून वर वळतो, त्याच्या पाठीवर बसून. शिवाय तापलेल्या कातळावरनं गरम हवा उठते. फाउंड्रीत भट्टीच्या तोंडावर कागदाचा कपटा सोडला की कसा भिरभिरत छताला जातो, तेच. फरक इतकाच की इथं कपटा साडेत्र्याण्णव किलोचा. दोन घारी गिरक्या घेत होत्या, पायलट सरळ त्यांच्याकडं वळला. म्हणाला, "त्यांना माहीत असतं हवा कुठं वर जाते." तिथं गेलो आणि यंत्र वेड्यासारखं टीटीटायला लागलं.

आणि मग समोर अख्खं पवन मावळ. पवना धरणाचं पाणी, पलीकडं सुळक्यासारखा तुंग, अलीकडं तिकोना, नावाप्रमाणं तिकोनी, आणि पाठ फिरवली की लोहगड-विसापूर. लोहगडाची ती विंचूकाट्याची सोंड, जी गडावर उभं राहून नुसती लांबलचक भिंत वाटते, ती लांबनं हवेतून खरंच नांगीसारखी दिसते. मी दादाबरोबर तिकोना चढलोय, तरुणपणी. वर गेल्यावर मला वाटलं होतं, एवढासा माथा, याला गड कशाला म्हणायचं? शिबंदी किती राहणार इथं? हवेतून बघितलं आणि चूक कळली. तिकोना एकटा बघायचाच नाही. हा त्याला बघतो, तो ह्याला बघतो, आणि सगळे मिळून खालच्या वाटेला बघतात, बोरघाटाकडं जाणाऱ्या. चढताना माणसाला समोरची पायरी दिसते आणि पुढच्याची पाठ. कशाला बांधलं ते चढताना दिसत नाही.

१६६५ साली मिर्झाराजे आला तेव्हा मोगलांनी तुंग-तिकोन्याच्या आसपासची गावं जाळली, पण गड हाती लागले नाहीत. शेवटी जूनमध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात हेही गेले. हे मी शाळेपासून वाचलंय. पण वरून बघताना ते वाक्य पहिल्यांदा समजलं. गावं ताटात वाढल्यासारखी उघडी पसरलेली, आणि गड तेवढे हाताबाहेर. जाळणाऱ्याला जे जमलं ते त्यानं जाळलं.

अजून एक. ज्या निळ्या पाण्याचे सगळे फोटो काढतात ते महाराजांच्या काळात नव्हतंच. धरण १९७२ चं. तेव्हा तिथं नदी, खाचरं आणि गावं होती. म्हणजे आपण "शिवकालीन देखावा" म्हणून ज्यावर भाळतो त्यातला निम्मा भाग माझ्यापेक्षाही लहान आहे. हे मी पायलटला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "काका, आमची आजी त्या पाण्याखालच्या गावातली." मग मी थोडा वेळ गप्प बसलो.

दादाचं म्हणणं, पैसे देऊन दुसऱ्याच्या मांडीवर बसून उडण्यात कसला पराक्रम? मला सांगा, पराक्रम आपला होताच कधी? तो १६६० च्या त्या रात्री पन्हाळ्यावरून निघालेल्यांचा. त्यांच्यामागं घोडदळ होतं. आपल्यामागं टेम्पो असतो, ज्यात आपलं सामान येतं, आणि मुक्कामाला पिठलं-भाकरी तयार असते. चालणारे काय आणि उडणारे काय, आपण सगळे बघे. चालणारे फक्त घामाघूम बघे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा दादानं पन्हाळ्यासाठी गल्लीत पेढे वाटले. त्याच यादीत लोहगडही आहे, मी तो हवेतून बघितलाय, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "ते मोजायचं नाही." कुणी ठरवलं? गुडघा गेलेल्यांनी, दम्याच्या माणसांनी, आमच्या सत्तरीच्या आत्यानं काय गडाकडं पाठ करून बसायचं?

अर्थात चढण्यात काही नसतं असं मी म्हणत नाही. टाक्याचं गार पाणी, दरवाजाच्या दगडावरचा हात, हे वरून मिळत नाही. पण हे दादाला सांगू नका.

आता तुमच्या कामाचं. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते, तिथनं पुढं उड्डाणवाले नेतात. माझे अडीच हजार गेले. परवाना, पायलटचा अनुभव, पाठीला राखीव छत्री आहे का आणि विमा आहे का हे तोंडावर विचारा. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. जो चिडेल त्याच्याकडं जाऊ नका. उतरताना गुडघ्याचं आधीच सांगा. मला पाय सरळ पुढं करून ठेवायला सांगितलं आणि आम्ही भाताच्या सुक्या खाचरात बसूनच घसरत उतरलो. धसकटं टोचली, गुडघ्याला काही नाही. सकाळी पोटभर खाऊ नका. पायलट शेवटी विचारतो, "दोन गिरक्या घेऊ का?" मी ऐटीत हो म्हणलं, आणि दुसऱ्या गिरकीला आदल्या रात्रीचं मटण गळ्यापर्यंत येऊन विचारपूस करून गेलं.

आणि हो, हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. हृदयाचा त्रास, पाठीच्या मणक्याचं दुखणं किंवा नुकतंच ऑपरेशन असेल तर वर मी जे काही म्हणलं ते सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं. ते म्हणाले, पळायला कमी आणि उतरायला हळू. म्हणजे गुडघ्याचं काय ते माझं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना माहीत.

व्हिडिओचे पाचशे वेगळे घेतात. काठीला कॅमेरा लावून काढतात, तोंडाकडं करून. माझ्या व्हिडिओत पंधरा मिनिटं माझंच तोंड आहे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीत रुतलेला, डोळ्यांत पाणी, आणि डाव्या कानामागं अर्धा मिनिट तुंग. दादानं तो चष्मा लावून दोनदा बघितला.

"किल्ला कुठाय?"

मी कानामागं बोट ठेवून दाखवला.

"ह्यो व्हय? मला वाटलं चामखीळ आलीय."

पाचशे रुपये वाचवा.