२०१४ चं पत्र आणि त्यावर जीएसटी नंबर!

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ४१, बी.कॉम. २००७ ते २०१३ शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स पाहिले. दुसरं बाळंतपण आणि सासूबाईंचं आजारपण यात नोकरी सुटली. आता एका कंपनीत निवड होत आलीय, पण अनुभवाचा दाखला हवा म्हणतात. फौंड्री केव्हाच बंद पडली, पीएफही काढून घेतलाय. दीर म्हणतात, उद्यमनगरातल्या मित्राच्या वर्कशॉपचं पत्र घे, मधली वर्षंही भरून निघतील. नमुना जोडलाय. काय करू?

उत्तर : ताई, आधी तो नमुना. नेमणुकीची तारीख १ जून २०१४ आणि लेटरहेडवर ठसठशीत जीएसटी नंबर. अहो, जीएसटी आला १ जुलै २०१७ ला! तेव्हा व्हॅट होता. हे कुणाच्या नजरेतून सुटलंच, तरी पुढचा प्रश्न तयार असतो: पगार कुठल्या खात्यात जमा व्हायचा? बनावट कागद वापरणं गुन्हा आहे, आणि त्यावर नाव दिरांचं नाही, तुमचं असणार.

दिरांचा हेतू वाईट नसेल. पण आजारी माणसाचं केलं, पोरं वाढवली, ती वर्षं झाकून ठेवायची, हे तुमच्या मनात कुणी भरवलं? ज्या घरासाठी नोकरी सोडली, त्याच घराला आता ती गॅप खुपतेय, याचा मला राग आला. बायोडेटात सरळ लिहा: ‘२०१३ पासून कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी नाही.’ एक ओळ पुरे. मुलाखतीत त्याबद्दल ओशाळू नका.

पीएफ काढला म्हणजे नोंद पुसली गेली, असं बऱ्याच जणांना वाटतं. खातं रिकामं झालं तरी तुम्ही त्या फौंड्रीमार्फत सभासद होता, ही नोंद सहसा पीएफ कार्यालयाकडे राहते. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, २०१४ मध्ये सुरू झाला; तुमच्या वेळी तो नव्हता, म्हणून तुम्हाला जुना पीएफ नंबर शोधावा लागेल. पगाराची स्लिप, वर्षाला मिळायची ती पीएफची स्लिप, माळ्यावरच्या फायली, सगळं बघा. नंबर घेऊन पीएफ कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टोलवाटोलवी झाली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पगार आणि पीएफची रक्कम जमा झाल्याची पासबुकाची पानं, असला तर फॉर्म १६, हेही चालतं. जुने मालक भेटले तर त्यांच्याकडून पत्र घ्या, मात्र आजच्या तारखेचं, आणि फौंड्री बंद झाल्याचा उल्लेख करून. कंपनीच्या एचआरला हे सगळं आधीच सांगून ठेवा. बंद पडलेले कारखाने त्यांना नवीन नसतात.

खरं सांगू? मला दाखल्यापेक्षा दुसरीच काळजी आहे. सहा वर्षं अकाउंट्स केलेल्या बाईला त्या पत्रातला जीएसटी नंबर खटकला नाही. तुम्ही सोडलं तेव्हा व्हॅट होता; आता जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, टॅली प्राइम. कंपनी उद्या हेच विचारणार. ही नोकरी हुकली तर लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. शाहूपुरी किंवा राजारामपुरीत एखाद्या सीएच्या ऑफिसात सहा महिने कमी पगारावर बसा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी तिथं जीएसटी रिटर्न भरायची जी धांदल असते, तिच्यात काम हाताखालून जाईल. आणि नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या.